जुन्या मोटारीचा क्लच पुन्हां जोडतांना



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येईल कीं, हें मिस्त्रीनें मिस्त्रीला सांगावयाचें बोलणें आहे. आम्हांस त्याचें काय होय? परंतु ज्यांच्या दारांत एखादी जुनी मोटार उभी आहे, आणि तिची दुरुस्ती आपल्याच अंगणांत, एका हातीं दिवा व एका हातीं पाना घेऊन करावयाची ज्यांस हौस किंवा गरज आहे, असे लोक आपल्याकडे थोडे नाहींत. मी त्यांपैकींच एक. धंद्यानें मी मास्तर, मिस्त्री नव्हे. म्हणून मी सांगणार आहें तें बहुतेक चुकून शिकलेलें आहे.

माझें राहणें हमरापुरास. माझ्या लहानपणीं ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत आणि १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात, त्या जिल्ह्यांत पेणच्या उत्तरेस हा गांव आहे. मुंबई-गोवा रस्ता जवळून जातो, आणि पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेणच्या अगोदरचें स्थानक हमरापूरचें. गांवाचें नांव दूरवर झालें तें गणपतीच्या मूर्तींमुळें. येथें, जोह्यास, तांबडशेतास, कळव्यास जिकडे पाहावें तिकडे गणपतीचे कारखाने. श्रावण लागला कीं रस्त्यावर टेंपो आणि ट्रक यांची रीघ लागते, आणि ज्याच्यापाशीं चालतें चाक आहे त्याला कोणी ना कोणी हांक मारतोच. अशा दिवसांत जुन्या गाडीचा क्लच हटकून जातो. कां जातो तें उघड आहे. मूर्ति गाडींत असली म्हणजे धक्का बसूं नये म्हणून चालक अर्धा क्लच दाबून गाडी मुंगीच्या पायांनीं चालवितो. शिवाय वडखळच्या नाक्यावरील कोंडी ज्यांनीं वर्षानुवर्षें सोसली आहे त्यांस, तासभर क्लचवर पाय ठेवून गाडी हातहातभर पुढें सरकविणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. आणि क्लच गेला कीं दुरुस्तीला वेळ नसतो. चतुर्थी कोणासाठीं थांबत नाहीं. अपघाताचें बीज या घाईंत असतें.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, व तिचा कारखाना कुर्ल्यास झाला. प्रथम तेथें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला, आणि १९६४ पासून जी फियाट तेथें बनूं लागली तिलाच १९७४ सालीं पद्मिनी हें नांव मिळालें. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचें, चार सिलिंडरांचें. इंजिन पुढें आणि जोर मागच्या चाकांना. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी सर्वांच्या ओळखीची होती. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर त्या टॅक्सींतून ती गेली. आतां ती हौसेनें सांभाळणाऱ्यांच्या अंगणांत तेवढी दिसते. परंतु मी पुढें सांगेन तें केवळ पद्मिनीपुरतें नाहीं. ॲम्बॅसडर असो वा जुनी जीप असो, मुख्य गोष्टी सारख्याच आहेत; मोजमापें मात्र ज्या त्या गाडीच्या पुस्तकांतूनच घ्यावयाचीं.

फ्लायव्हील म्हणजे काय हें समजावयास कुंभाराच्या चाकापेक्षां चांगलें उदाहरण मला सांपडलें नाहीं. कुंभार दांडक्यानें चाकाला गरगर फिरवितो आणि दांडकें बाजूला ठेवतो. मग चाक आपल्या जडपणामुळें फिरत राहतें व त्याच्या दोन्ही हातांना काम करावयास मोकळीक मिळते. चार सिलिंडरांच्या इंजिनांत इंधनाचा भडका प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास एकदां उडतो. भडक्याभडक्याच्या मध्यें इंजिनाला फिरतें ठेवण्याचें काम त्याच्या मागच्या टोंकास बसविलेलें हें जड बिडाचें चाक करतें. त्याच्याच घासूनपुसून सपाट केलेल्या तोंडावर क्लचची प्लेट दाबून धरलेली असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा ती दाबतात. पायाखालचें पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकून त्या स्प्रिंगांचा जोर मागें घेतें, आणि इंजिनाचा व चाकांचा संबंध तुटतो. पाय उचलला कीं संबंध पुन्हां जुळतो. एवढेंच तें यंत्र.

पण त्याची गति ध्यानांत घेतली पाहिजे. अकरा इंच व्यासाचें फ्लायव्हील मिनिटाला ४८०० फेरे घेऊं लागलें, तर त्याच्या कडेचा बिंदु ताशीं सुमारें २५० किलोमीटर वेगानें पळत असतो. त्या कडेवर दहा ग्रॅम वजनाची एखादी लोखंडी चकती चिकटून राहिली, तर ती बाहेर पडण्यासाठीं सुमारें छत्तीस किलोग्रॅमच्या जोरानें ओढत असते. हा हिशेब मीं शाळेच्या फळ्यावर मुलांना पुष्कळ वेळां करून दाखविला आहे. आणि हें चाक चालकाच्या पावलांपासून हातभर अंतरावर फिरत असतें, हें सांगितलें कीं वर्ग एकदम गप्प होतो. बीड कठीण खरें, पण ठिसूळ. तें वाकून सूचना देत नाहीं, फुटतें.

सोडण्यापेक्षां जोडणें अवघड, असें मी म्हणतों त्याचें कारण निराळेंच आहे. सोडतांना प्रत्येक भाग नजरेसमोर येत जातो, आणि जोडतांना एकेक भाग नजरेआड होत जातो. फ्लायव्हील क्लचखालीं झांकलें जातें, क्लच गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाखालीं झांकला जातो, आणि शेवटचा बोल्ट आंवळल्यावर आंत काय राहिलें हें रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाहीं.

आतां पहिली गोष्ट, गाडी उचलण्याची. ही मी इंजिनाच्या आधीं सांगतों, कारण या कामांत जीव जातो तो फ्लायव्हील फुटून क्वचित्. गाडी अंगावर येऊन मात्र जातो. गिअरबॉक्स खालून उतरवावयाचा असल्यानें माणसाला गाडीखालीं पाठीवर निजावें लागतें. आमच्याकडे अंगण पावसाळ्यांत लोण्यासारखें होतें. मीं पहिल्यांदां हें काम काढलें तेव्हां जॅकनें गाडी उचलली, आणि तिच्याखालीं जांभ्याचे चिरे एकावर एक रचले. चिरा म्हणजे घराच्या भिंतीचा दगड. त्यावर घर उभें राहतें, मग गाडी कां राहणार नाहीं, असा माझा तर्क. मी आंत सरकणार, इतक्यांत शेजारच्या गणपतीच्या कारखान्यांत माती पोंचविणारे एक वृद्ध ड्रायव्हर तेथें उभे होते, ते म्हणाले, “मास्तर, ती स्टेपनी आधीं गाडीखालीं घाला, आणि मग तुम्ही जा.” मला तें थोडें अपमानकारक वाटलें, पण वयाचा मान म्हणून स्टेपनी आडवी करून दाराखालच्या पट्टीच्या खालीं सरकविली. अर्ध्या तासानें मी गिअरबॉक्सचा एक हट्टी बोल्ट दोन्ही हातांनीं ओढीत असतां वरचा चिरा मधोमध उकलला. गाडी वीतभर खालीं आली आणि स्टेपनीवर बसली. माझ्या छातीच्या आणि गाडीच्या मध्यें तेव्हां किती जागा उरली होती हें मीं नंतर मोजून पाहिलें. चार बोटें.

कारखान्यांतील मुलें धांवत आलीं, कोणीं जॅक लावला, कोणीं माझे पाय ओढले. वृद्ध ड्रायव्हर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं बिडी पेटविली.

जांभ्यावर भार सर्वत्र सारखा पडला तर तो पेलतो. एका कोंपऱ्यावर, लोखंडाच्या कडेनें, हिसके देत पडला तर उकलतो. विटांचीही तीच गोष्ट. तेव्हां जॅक हा गाडी उचलण्यासाठीं, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. धरण्यासाठीं लोखंडी स्टँड हवेत, तेही जोडीनें, आणि मऊ जमिनीवर त्यांच्या पायांखालीं जाड फळ्या हव्यात. जीं चाकें जमिनीवर राहतात त्यांना दोन्ही बाजूंनीं उटी लावावी. आंत शिरण्यापूर्वीं बाहेर उभें राहून गाडीला दोन्ही हातांनीं नेटानें हलवून पाहावें. पडावयाची असेल तर तेव्हांच पडूं द्यावी. आणि बॅटरीची तार काढून ठेवावी, नाहींतर आंत बोटें असतां स्टार्टर फिरण्याचा संभव राहतो. स्टेपनी खालीं सरकविण्याचा प्रघात मात्र मीं त्या दिवसापासून कधीं मोडला नाहीं, स्टँड कितीही चांगले असोत.

दुसरी गोष्ट धुळीची. गिअरबॉक्स खालीं आला कीं आंत काळी, मऊ भुकटी सांचलेली दिसते. ती क्लचच्या लायनिंगची झीज. जुन्या गाड्यांच्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत गेले तर तेथेंच राहतात, आणि त्यांपासून होणारा रोग वीसतीस वर्षांनींसुद्धां डोकें वर काढतो. म्हणून ती भुकटी तोंडानें फुंकूं नये, हवेच्या नळीनें तर मुळींच उडवूं नये. पाण्यानें भिजवून ओल्या फडक्यानें पुसावी आणि तें फडकें ओलें असतांनाच पिशवींत बांधून टाकावें. आमच्या गांवांत मूर्ति घासणारीं मुलें नाकाला रुमाल बांधतात. या धुळीसाठीं रुमाल पुरत नाहीं.

आतां फ्लायव्हील. तें काढलें असेल तर परत चढविण्यापूर्वीं त्याचें तोंड उजेडांत नीट पाहावें. निळसर डाग दिसले तर तें तापून गेलें आहे असें समजावें. केसासारख्या बारीक भेगा तोंडावर असल्या तर लेथवर पातळ थर काढून कधीं कधीं जातात. पण भेग बोल्टाच्या भोंकापर्यंत किंवा मध्यापर्यंत गेलेली असेल तर तें चाक भंगारांत घालावें, वेल्डिंग करून वापरूं नये. मडकें पक्कें आहे कीं तडकलेलें हें घेणारी बाई टिचकी मारून पाहते, तसें मीही फ्लायव्हील दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी दांड्यानें वाजवून पाहतों. बद्द आवाज आला तर तें वाईट खास. परंतु चांगला आवाज आला म्हणून तें चांगलेंच आहे असें नव्हे, डोळ्यांनीं पाहिलेंच पाहिजे. लेथवर देतांना एक सांगून ठेवावें. कांहीं फ्लायव्हीलांवर क्लचचें कवच बसतें ती जागा आणि लायनिंग घासते ती जागा यांत पायरी असते. एक जागा जितकी कातली तितकीच दुसरीही कातावी लागते, नाहींतर स्प्रिंगांचा दाब बदलतो.

जेथें फ्लायव्हील क्रँकशाफ्टला टेकतें ती जागा दोन्हीकडे आरशासारखी स्वच्छ पाहिजे. तेथें केसाएवढी गंजाची कपची राहिली, तर कडेपर्यंत जाईतों तो वांकडेपणा तीनसाडेतीन पट होतो, आणि क्लच सोडतांना सारी गाडी थरथरते. जुन्या खुणा जुळवूनच चाक चढवावें. कांहीं इंजिनांत भोंकें अशीं पाडलेलीं असतात कीं चाक एकाच रीतीनें बसतें. कांहींत तें कसेंही बसतें, आणि तेथेंच घोटाळा होतो. जुन्या विलीस जीपमध्यें ठिणगीच्या वेळेची खूणच फ्लायव्हीलवर आहे. चाक भलत्या जागीं बसलें तर ती खूण जन्मभर खोटें बोलत राहील. यासाठीं सोडतांनाच सेंटरपंचाचा एक ठिपका चाकावर व एक शाफ्टवर मारून ठेवणें उत्तम.

बोल्टांविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण येथें समजूत चुकीची आढळते. लोक समजतात कीं इंजिनाचा जोर बोल्टांच्या दांड्यावरून चाकाला मिळतो. तसें नाहीं. बोल्ट आंवळला म्हणजे तो किंचित् ताणला जातो, स्प्रिंगेसारखा. त्या ताणानें दोन सपाट तोंडें एकमेकांवर दाबलीं जातात, आणि त्यांच्या घर्षणानें जोर जातो. बोल्ट पुरेसा ताणला गेला नाहीं तर तोंडें एकमेकांवर सरकूं लागतात, दर भडक्याला बोल्टावर हिसका बसतो, आणि कांहीं शें किलोमीटरांनीं तो डोक्यापासून तुटतो. अधिक ताणला तर तो जागच्या जागीं लांबून निकामी होतो. म्हणून टॉर्क पाना हवाच. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोंकावर पन्नास पौंडांचा जोर लावला म्हणजे पन्नास फूट-पौंड झाले, हें त्यामागचें साधें गणित. परंतु हाताच्या अंदाजानें तें साधत नाहीं. सकाळचा हात आणि रात्रीं दहा वाजतांचा हात एकच नसतो. आंकडा गाडीच्या पुस्तकांतला घ्यावा, आणि तो कोरड्या आट्यांसाठीं आहे कीं तेल लावलेल्या, हेंही तेथेंच पाहावें. कारण तेल लावलेल्या आट्यांवर तोच आंकडा बोल्टाला अधिक ताणतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आंवळावे. ज्या पत्र्याच्या चकतीचे कान मुडपून बोल्ट अडवितात, ती चकती दर वेळीं नवी. एकदां मुडपलेला कान पुन्हां मुडपला तर तुटतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूनें तेल झिरपत असेल तर तें याच वेळीं बंद करावें. तेलाचे चार थेंब नव्या लायनिंगचा घात करावयास पुरे आहेत.

यानंतर क्लचप्लेट. ती हातांत घेण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. आमच्या घरीं हा नियम माझ्या पत्नीनें घालून दिला. मूर्तीला रंग देतांना हात धुतात, मग येथें कां नाहीं, असें तिचें म्हणणें. लायनिंगवर ग्रीसचा अंगठा उमटला तर तो तेथें जळतो आणि क्लच धरतांना झटके देतो. प्लेट आधीं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घालून पाहावी. तिच्या खांचांतून ती बोटाच्या दाबानें मागेंपुढें सरकली पाहिजे. आणि तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हें पाहून घ्यावें. बहुधा मधला उंचवटा एका बाजूला अधिक असतो. मीं एकदां ती उलटी बसविली आहे. सर्व जोडून, गाडी खालीं उतरवून, मोठ्या ऐटीनें पेडल दाबलें, तों गिअर पडेना, नुसती करकर. प्लेटचा उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकला होता. दोन दिवसांचें काम पुन्हां करावें लागलें. त्यानंतर मी प्लेटवर खडूनें ‘इंजिन’ असें लिहून ठेवतों, आणि कवच लावण्याच्या क्षणीं पुसतों.

प्लेट बरोबर मध्यावर बसली नाहीं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आंत जात नाहीं. यासाठीं एखाद्या जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला तर उत्तम. नाहीं तर सुताराकडून त्याच मापाची लांकडी खुंटी कातून घ्यावी. ती प्लेटमधून घालून तिचें टोंक क्रँकशाफ्टच्या मागील लहान बेअरिंगमध्यें टेकवावें, आणि कवचाचे बोल्ट पुरे आंवळले जाईपर्यंत काढूं नये. तें लहान बेअरिंग झिजलें असेल तर तें बदलण्याची हीच वेळ. चार पैशांच्या वस्तूसाठीं पुन्हां सारें उघडावें लागतें.

प्रेशर प्लेटचें कवच जुन्या खुणेवरच बसवावें, कारण तें फ्लायव्हीलबरोबर तोललेलें असतें. त्याचे बोल्ट एकेक फेरा, समोरासमोर, असेच आंवळावे. एक बोल्ट पुरा आंवळून मग दुसरा घेतला तर कवच वांकतें. डोळ्यांना तें दिसत नाहीं, पेडलला कळतें. मात्र तें कवच स्वतः उघडून आंतील स्प्रिंगा बदलण्याचा मोह कोणी धरूं नये. त्या स्प्रिंगा कित्येक मणांच्या जोरानें दाबून बसविलेल्या असतात. योग्य दाबयंत्राशिवाय शेवटचा नट सुटला म्हणजे त्या कोणाकडे जातील हें सांगतां येत नाहीं. तें काम ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचें.

आतां गिअरबॉक्स चढवावयाचा. हा उभ्यानें उचलतांना एका माणसाचा भार वाटतो, पाठीवर निजून उचलतांना दोघांचा. त्याच्याखालीं चाकांचा जॅक आणि बाजूला एक समजूतदार सोबती, हें दोन्ही हवें. शाफ्ट खांचांत शिरेना तर गिअर टाकून मागचें टोंक हातानें किंचित् किंचित् फिरवावें. दांत जुळले कीं तो आपण होऊन आंत जातो. जात नसेल तर बोल्ट आंवळून त्याला ओढून घेणें ही सर्वांत वाईट युक्ति. आंत कांहींतरी अडलें आहे म्हणूनच तो जात नाहीं, आणि बोल्ट ओढले तर जें अडलें आहे तें तुटतें. अर्धवट आंत गेलेला गिअरबॉक्स त्याच्या शाफ्टवर लोंबकळतही ठेवूं नये. त्या भारानें नव्या प्लेटचा मध्य वांकतो. भोंकें जुळलीं कीं नाहीं हें बोटानें चांचपूं नये, एवढें आणखी सांगतों. गिअरबॉक्स जेव्हां एकदम जागेवर बसतो, तेव्हां बोट बाहेर काढावयास वेळ मिळत नाहीं. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर त्यासाठीं आहे.

पेडलाला थोडा मोकळा खेळ असावा. किती, तें पुस्तकांत असतें. खेळ मुळींच नसला तर रिलीज बेअरिंग सदा घासत राहून लवकर मरतें आणि क्लच घसरूं लागतो. फार असला तर क्लच पुरा सुटत नाहीं. गाडी खालीं उतरविण्यापूर्वींच, इंजिन बंद असतां, एक परीक्षा करावी. मागचीं चाकें अधांतरीं, गाडी गिअरमध्यें. मागें जाणारा लांब शाफ्ट हातानें फिरवून पाहावा. तो फिरतां कामा नये. मग आंत बसलेल्या माणसानें पेडल दाबावें. आतां तो फिरला पाहिजे. हें झाल्यावर सर्वांनीं गाडीखालून बाहेर यावें, गाडी जमिनीवर उतरवावी, आणि मगच इंजिन सुरू करावें. गाडीखालीं माणूस असतां इंजिन चालू करण्याचा प्रघात मीं चांगल्या चांगल्या मिस्त्रींत पाहिला आहे. तो प्रघात त्यांच्या हुषारीला शोभत नाहीं.

रस्त्यावर पहिली फेरी सपाटीवर, हलकी. मी जोह्याच्या बाजूला जाऊन येतों. वरच्या गिअरमध्यें मंद गतीनें चालत असतां गॅस दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच राहिली तर क्लच घसरतो आहे. थरथर, घरघर, किंवा जळका वास यांपैकीं कांहीं असलें तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून समाधान मानूं नये. नवें लायनिंग थोडें रुळावें लागतें हें खरें, पण रुळणें आणि बिघडणें यांत फरक आहे. पहिले कांहीं शें किलोमीटर घाट आणि ओझें टाळावें. कर्नाळ्याची खिंड आठ दिवसांनींही तेथेंच असते.

शेवटीं एका रात्रीची हकीकत सांगतों आणि थांबतों. तीन वर्षांपूर्वीं चतुर्थीच्या आदल्या रात्रीं माझ्या पद्मिनीचें काम पुरें झालें होतें. सुटे बोल्ट व चकत्या मी नारळाच्या करवंट्यांत ठेवतों. एकेक भागाची एकेक करवंटी, आणि आंत किती नग आहेत तें कागदावर. गिअरबॉक्स चढला, बोल्ट बसले, आणि करवंट्या मोजतांना एक चकती कमी भरली. क्लचच्या कवचाच्या बोल्टाची. सर्व बोल्टांना चकत्या बसल्या होत्या. जास्त म्हणून ठेवलेल्या दोघींपैकीं ही एक. माझ्याबरोबर काम करणारा शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, जास्तीचीच होती ना? मग जाऊं द्या कीं. सकाळीं मूर्ति आणायची आहे.” रात्रींचे नऊ वाजले होते, पाऊस चालू होता. मीं अंगण, पडवी, खिसे सर्व धुंडाळलें. चकती मिळेना. ती बाहेर पडली असेल तर प्रश्न नव्हता. पण आंत, फ्लायव्हीलच्या बाजूला, ग्रीसला चिकटून राहिली असेल तर? फळ्यावरचा छत्तीस किलोग्रॅमचा आंकडा मीच लिहिलेला.

आम्हीं गिअरबॉक्स पुन्हां उतरविला. मुलगा रागावला होता, पण त्यानें दिवा धरला. कवचांत, प्लेटमागें, रिलीज बेअरिंगच्या फाट्याखालीं, सर्व जागा आरसा घालून पाहिल्या. चकती नव्हती. पुन्हां सर्व चढवून, परीक्षा करून, पाने पुसून ठेवले तेव्हां पहाटेचे साडेतीन झाले होते. सहा वाजतां गाडी कारखान्यापाशीं गेली आणि मूर्ति घेऊन आली.

चकती मिळाली ती तिसऱ्या दिवशीं, त्या मुलाच्या चपलेच्या तळव्यांत, चिखलाबरोबर रुतलेली.